निवडीतून घडणारे सौंदर्य : मराठी सर्जनशील स्त्रियांच्या अभिरुचीचा आढावा

१. प्रश्न कुठे उभा आहे

मराठीतली सौंदर्यशास्त्राची चर्चा ज्या ग्रंथांभोवती फिरत आली, ते बहुतेक सारे पुरुषांनी लिहिलेले आहेत. बा. सी. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली आले आणि संवाद, विरोध, समतोल ही त्यांची लयतत्त्वे अभ्यासक्रमांत रुजली. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ साली, तर प्रभाकर पाध्यांचा ‘सौंदर्यानुभव’ १९७९ साली प्रसिद्ध झाला. या परंपरेला उलटे प्रश्न विचारणारे शरद पाटील (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे (१९९६) हेही पुरुषच. यावरून मराठी स्त्रियांनी सौंदर्याचा विचार केलाच नाही असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो फसवा ठरेल. त्यांनी हा विचार ग्रंथात कमी आणि ललित निबंधात, आत्मचरित्रात, जात्यावरच्या ओवीत, मैफलीत, मुलाखतीत आणि हातच्या कामात जास्त मांडला. त्यामुळे तो शोधायचा तर सिद्धान्ताच्या कपाटापाशी न थांबता या विखुरलेल्या जागांकडे जावे लागते.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले कडा ही अशा शोधाला सोयीची जागा आहे. अहिल्यानगर–बीड रस्त्यावरचे हे बाजारपेठेचे गाव. सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, तिच्या मार्गावरही कडा आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या काठी पैठणीचे पैठण आहे. शेजारच्या जिल्ह्यात ‘ज्ञानेश्वरी’चे नेवासे, संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाणारे जामखेड आणि त्याच तालुक्यात अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी. बीड जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत, दिवाळीनंतर उसाच्या फडाकडे निघणारे हजारो कोयते आहेत आणि भाद्रपदात घरोघरी बसणाऱ्या महालक्ष्म्या आहेत. स्त्रियांच्या अभिरुचीचे जवळजवळ सगळे मराठी नमुने या परिसराच्या आवाक्यात येतात. त्यांच्याबद्दल आजवर काय काय म्हटले गेले, त्यात किती भूमिका दिसतात आणि काय सुटायचे राहिले आहे, हे इथे क्रमाने पाहायचे आहे. या साऱ्यातून एक गोष्ट पुढे येते, ती आधीच सांगतो. सर्जनशील स्त्रियांनी सौंदर्याची व्याख्या बहुधा निवडीच्या भाषेत केली आहे. काय घ्यायचे, काय टाकायचे, कशाला कशाशेजारी ठेवायचे आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांभोवती त्यांचा विचार फिरतो.

२. पार्श्वभूमी : रुची ठरवणारे कोण होते

मराठीतली आद्य कवयित्री मानली गेलेली महदंबा तेराव्या शतकातली. तिचे ‘धवळे’ ही रुक्मिणीच्या विवाहाची गाणी आहेत. धार्मिक पंथाच्या चौकटीत राहूनही तिने निवडलेला विषय लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले आणि तिथल्या साड्यांच्या काठांवर किल्ल्याच्या नि घाटाच्या दगडी नक्षीचे नमुने उतरले, असे परंपरा सांगते. स्वतः वैधव्याची शुभ्र वस्त्रे नेसणाऱ्या राज्यकर्त्या स्त्रीच्या आश्रयाने रंगीत वस्त्राची एक आख्खी शैली उभी राहिली. स्वतःच्या अंगावर काय शोभावे हे रूढीने ठरवलेले होते, पण इतरांच्या अंगावर काय शोभेल हे ठरवण्याची सत्ता तिच्या हाती होती. स्त्रीची रुची आणि तिला मिळालेली मोकळीक या दोन गोष्टी एकाच मापाच्या नसतात, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न वादाचा झाला. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रीच्या रूपावर आणि चारित्र्यावर निकाल देणाऱ्या पुरुषी नजरेचाच हिशेब मागितला. विसाव्या शतकाच्या आरंभी एक विलक्षण गोष्ट घडली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय स्त्रियांना शालू कसा नेसावा, अंबाडा कसा घालावा, दागिना कुठे किती असावा याचे धडे रंगभूमीवरच्या एका पुरुषाने, बालगंधर्वांनी दिले. स्त्रीसौंदर्याचा सर्वमान्य आदर्श पुरुषाच्या अंगावर साकारावा आणि स्त्रियांनी तो उचलावा, हे अभिरुचीच्या इतिहासातले महत्त्वाचे प्रकरण आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा रंगमंचावरची स्त्री कशी दिसावी आणि कशी बोलावी हे ठरवण्यात स्त्रियांचा वाटा वाढू लागला.

याच काळात छापील पानांवरही हालचाल होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० साली निघाले. ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झाले आणि वेशभूषा, घरसजावट, वाचन यांवर स्त्रिया आपसांत बोलू लागल्या. मालतीबाई बेडेकरांचे उदाहरण या काळाचा दुहेरीपणा नेमका दाखवते. विभावरी शिरूरकर या नावाने त्यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करून शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट सांगितली. त्याच लेखिकेने ‘अलंकार मंजूषा’ हे दागिन्यांविषयीचे पुस्तकही लिहिले. बंधनाची चीड आणि घडणीतल्या कारागिरीची ओढ एकाच मनात नांदू शकतात, आणि त्यांतली एक खरी आणि दुसरी ढोंगी असे मानायचे कारण नाही. चित्रकलेत अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनी सर ज. जी. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेऊन पदविका मिळवली. तोवर स्त्री प्रामुख्याने चित्राचा विषय होती, आता ती चित्र काढणारीही झाली. या पार्श्वभूमीवर गेल्या शतकभरात चार भूमिका आकाराला आलेल्या दिसतात.

३. पहिली भूमिका : कामातले सौंदर्य

पहिली भूमिका सौंदर्याला उपयोगापासून वेगळे काढत नाही. तिचा सर्वांत जुना पुरावा घराघरात आहे. मराठवाड्यात जिला वाकळ म्हणतात ती गोधडी जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या थरांनी बनते. वरच्या थराला कोणते लुगडे घ्यायचे, विरलेल्या जागी कोणत्या रंगाचे ठिगळ लावायचे, टाका किती जवळ घालायचा, कडेकडेने आत येत जाणारी शिवण कुठे वळवायची, हे सगळे शिवणारी ठरवते. ऊब हे प्रयोजन पक्के असते, पण दोन ठिगळे सारख्याच उबेची असताना तिने त्यांतले एक का उचलले, याचे उत्तर फक्त रुची देऊ शकते. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी डॉ. आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यांत आहेत. पिठाच्या कामाला लागणारी लय, सासर-माहेरचे दुःख आणि नव्या नेत्याविषयीचा अभिमान यांची सांगड त्यांनी जुन्याच छंदात घातली. सरोजिनी बाबर यांनी संपादनांतून आणि तारा भवाळकर यांनी विवेचनातून हा ठेवा स्त्रीच्या स्वतंत्र विचाराचा म्हणून वाचायला शिकवले.

लिखित साहित्यात बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या भूमिकेच्या ठळक प्रतिनिधी. त्यांचा संग्रह मृत्यूनंतर १९५२ साली आला आणि शेतातली, चुलीपुढची, मोटेवरची कामे कवितेला पुरेशी आहेत हे वाचकांना पटले. उर्मिला पवारांनी २००३ साली आलेल्या आत्मचरित्राला ‘आयदान’ हे आईच्या बांबूकामाचे नाव दिले आणि आपले लेखन त्या विणकामाच्या नात्यातले मानले. व्यावसायिक जगात हीच दृष्टी कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांच्या कामात दिसते. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले, हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात नजरेत भरणारी झगमग जवळजवळ नाही. बॅरिस्टरच्या कोटापासून पंच्यापर्यंतचा प्रवास, गर्दीतल्या माणसांचे प्रांत नि वर्ग हे कापडाच्या पोतातून कळावे लागते. वस्त्र पात्राच्या कामी आले तर ते सुंदर, हा त्यामागचा निकष. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. त्याने वाटी-चमच्याच्या मापात चवीचा हिशेब बसवून नव्या संसारांना आपली चव स्वतः घडवायची सोय करून दिली, तेही याच वाटेवरचे काम आहे.

४. दुसरी भूमिका : स्वायत्त सौंदर्य

दुसरी भूमिका म्हणते की सौंदर्याला उपयोगाचा, समाजाचा किंवा लिंगाचा आधार लागत नाही. तिचा सर्वांत ठाम उच्चार संगीतात झाला. किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांनी ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात राग आणि रस यांच्या नात्याची मीमांसा केली. स्वर ही स्वतंत्र भाषा आहे, रागाचा भाव प्रकट करणे हे गाण्याचे साध्य आहे आणि घराण्याच्या कुंपणाने त्या भावाला अडवू नये, ही त्यांची धारणा होती. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या आईकडून जयपूर-अत्रौलीची काटेकोर तालीम घेतल्यावरच त्यांनी ते कुंपण ओलांडले. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांची वाट निराळी, पण आत्मविश्वास तोच. मैफलीत सरगम वापरावी की नाही यावर जाणकारांत मतभेद होते. अत्रेबाईंनी ती नुसती गाऊन न थांबता तिच्यावर डॉक्टरेटचे संशोधन केले आणि ‘स्वरमयी’सारख्या पुस्तकातून आपली बाजू मांडली. आपल्या आवडीची कारणे देणे ही कलावंताची जबाबदारी आहे, असा आग्रह त्यात दिसतो.

साहित्यात दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) याच बाजूला ठेवता येते. बारा महिन्यांच्या निसर्गाकडे पाहताना त्या ठरीव सुंदर गोष्टींवर विसंबत नाहीत. पानगळ, चिखल, उन्हाचा तडाखा यांनाही त्या त्याच एकाग्रतेने निरखतात आणि पाहण्याच्या शिस्तीतून सौंदर्य उघडते हे दाखवून देतात. नेवाशाच्या खांबावरचा त्यांचा ‘पैस’ हा निबंध तर कोरीव नक्षीचा लोभ टाकून एका साध्या दगडी खांबात अवकाशाची जाणीव शोधतो. ‘पैस’ या संग्रहाला १९७१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंदिरा संतांच्या (१९१४–२०००) कवितेतही व्यक्तिगत संवेदनेलाच अखेरचा मान आहे. त्यांच्या संग्रहांची नावे मात्र वेगळे काही सांगतात : ‘शेला’, ‘मेंदी’, ‘रंगबावरी’, ‘गर्भरेशीम’. पतीचे निधन १९४६ साली झाले आणि हे संग्रह त्यानंतरचे आहेत. ज्या शृंगारावर समाज विधवेचा हक्क नाकारत होता, त्याचीच वस्त्रे नि रंग त्यांनी कवितेच्या दारावर लावले. त्यामुळे स्वायत्त वाटणाऱ्या सौंदर्यालाही सामाजिक पाया असू शकतो, ही शंका इथूनच सुरू होते.

५. तिसरी भूमिका : सौंदर्याविषयी संशय

स्त्रीमुक्ती चळवळीने ही शंका उघड बोलून दाखवली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरे झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत मराठीत या प्रश्नावर बरेच लिहिले गेले. विद्या बाळ यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले आणि सौंदर्याच्या कल्पना कुठून येतात, त्यांचा फायदा कोणाला होतो, हे घरातल्या वाचकाच्या भाषेत विचारले. नथ, मंगळसूत्र, कुंकू ही आवड आहे की खूण आहे, गोरेपणाची अट विवाहाच्या बाजारात कोण घालतो, असे प्रश्न त्यामागे होते. १९९६ साली बंगळुरूला जागतिक सौंदर्यस्पर्धा झाली तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत स्त्रीवादी संघटना होत्या आणि संस्कृतिरक्षकही होते. दोघांची कारणे परस्परविरोधी होती. एका बाजूला स्त्रीच्या देहाचे बाजारीकरण खटकत होते, दुसऱ्या बाजूला त्या देहाचे उघडेपण. एकाच विरोधात दोन भिन्न निकष चालत होते, हे या वादातले अवघड वळण आहे. पुढे २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातून गोरेपणाचा उल्लेख गेला, तेव्हा संशयवादी भूमिकेचा एक मुद्दा बाजारानेही मान्य केला. नाव बदलले म्हणजे मागणी बदलली का, हा प्रश्न मात्र तसाच उरला.

या भूमिकेची ताकद अशी की ती आवडीला तिचा इतिहास विचारते. तिची मर्यादा अशी की प्रत्येक नटण्यामागे दडपणच शोधले, तर नटणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे म्हणणे ऐकायचे राहून जाते. महालक्ष्म्यांच्या सणात हे नीट दिसते. मुखवट्यांना साडी नेसवणे, निऱ्या बसवणे, दागिने चढवणे, आरास मांडणे यांत मराठवाड्यातल्या बायका कसब पणाला लावतात, आणि हळदी-कुंकवाला आलेल्या शेजारणी त्या कामाची बारकाईने समीक्षा करतात. चांगले काय आणि ओढूनताणून आणलेले काय, हे तिथे मोकळेपणी बोलले जाते. पण त्याच हळदी-कुंकवाच्या रीतीने विधवेला दाराबाहेर ठेवले. रुचीची शाळा आणि बहिष्काराची रीत एकाच छपराखाली चालल्या, म्हणून निव्वळ कौतुक किंवा निव्वळ धिक्कार, दोन्ही अपुरे पडतात.

६. चौथी भूमिका : सौंदर्य हा सन्मानाचा हक्क

ज्यांना नटण्याचीच मनाई होती, त्यांनी चौथी भूमिका घडवली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महार स्त्रियांनी लुगड्याचा काठ दिसेल असे नेसू नये, तो निऱ्यांत लपवावा, अशा निर्बंधाचे वर्णन येते. काठ दाखवणे हा वरच्या जातीचा मान समजला जाई. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी नेसण आणि दागिने टाकण्याचे आवाहन केले आणि स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात हा इतिहास नोंदवला आहे. इथे साडी नेसण्याची रीत बदलणे ही राजकीय कृती होती. जो दागिना संशयवाद्यांना बेडी वाटला, तोच निवडण्याचा किंवा टाकण्याचा हक्क इथे मुक्तीचा भाग ठरला.

लावणीचा वाद याच रेषेवर चालतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि ‘सुधारणे’च्या अटीवर ती उठली. शर्मिला रेगे यांनी १९९०च्या दशकापासून दाखवून दिले की लावणीचे रूप मध्यमवर्गाला चालेल असे पुसून घेतले गेले, पण ती सादर करणाऱ्या स्त्रियांची प्रतिष्ठा वाढली नाही. शैलजा पाईक यांनी २०२२च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अश्लील आणि अस्सल या शिक्क्यांमागची जातिव्यवस्था तपासली. त्यांची मांडणी या कलेतून दलित स्त्रीचे शोषण कसे झाले यावर भर देते. उलट सावित्री मेधातूल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आणि भूषण कोरगांवकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक कलावंतिणींच्या कसबावर, विनोदावर आणि स्वाभिमानावर प्रकाश टाकतात. पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकरांची (१९१५–२०१८) बैठकीची लावणी ऐकणाऱ्याला दुसरी बाजू सहज पटते : शब्दाला नजरेने आणि बोटांच्या हालचालीने दिलेला अर्थ ही वर्षानुवर्षांच्या साधनेची कमाई आहे. पहिली बाजू त्यामुळे खोटी पडत नाही, कारण साधनेचे मोल कोणाच्या पदरात पडले हा तिचा प्रश्न आहे.

बंजारा पोशाखाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. फेटिया (घागरा), काचळी (चोळी), आरशांचे आणि कवड्यांचे भरतकाम हे तांड्यावरच्या स्त्रियांनी स्वतः घडवलेले सौंदर्य आहे. तरुण पिढीने तो पोशाख सोडून साडी किंवा सलवार-कमीज घातली, तर काही अभ्यासकांना वारसा हरवल्याचे दुःख होते. पण वजनदार पोशाख रोज अंगावर वागवायचा की नाही, त्यावरून गावात कुणी बोट दाखवावे की नाही, हे त्या मुलीने ठरवायचे आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले, तेव्हाही मुद्दा हाच होता. कुंकू लावावे असा त्या ठरावाचा अर्थ नव्हता. पुसले जाऊ नये, हा होता.

७. समान धागा आणि आक्षेप

चारही भूमिकांत वरवर भांडण आहे. एक उपयोग मागते, दुसरी उपयोगापासून सुटका मागते, तिसरी सावध करते, चौथी हक्क मागते. तरी त्या एका जागी भेटतात. गोधडीतले ठिगळ, मैफलीतली सरगम, नाकातली नथ, लुगड्याचा काठ यांपैकी कशाचीही चर्चा करताना या स्त्रिया शेवटी ठरवणारी व्यक्ती कोण, तिने कशाच्या आधारे ठरवले आणि तिला नकार देता आला असता का, इथे येऊन पोचतात. पाटणकर-मर्ढेकरांच्या चर्चेत कलाकृती घडून समोर आल्यावरचा रसिक केंद्रस्थानी असतो. या स्त्रियांच्या विचारात कृती घडतानाचा निर्णय केंद्रस्थानी येतो. हे त्यांचे मराठी सौंदर्यविचारातले वेगळे योगदान आहे.

यावर पहिला आक्षेप असा की निवड हाच निकष मानला, तर कुणाचीही कुठलीही निवड सुंदर ठरेल आणि चांगले-वाईट असा भेदच उरणार नाही. या स्त्रियांची उदाहरणे हा आक्षेप खोडून काढतात. किशोरीताईंनी घराण्याची चौकट ओलांडली ती तालमीनंतर. अत्रेबाईंनी आवडीला संशोधनाची जोड दिली. महालक्ष्म्यांच्या आराशीलाही शेजारणींची परखड नजर असते. निवड मोकळी असणे ही पहिली अट आहे. कसब आणि जाणकारांची परीक्षा ही पुढची. दुसरा आक्षेप असा की अभावात निवड नसतेच, आणि गोधडीचे कौतुक हे गरिबीचे कौतुक होते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. जिला चार चिंध्याच मिळाल्या तिच्या हालाला कला म्हणून झाकणे अन्यायाचे आहे. पण चार चिंध्यांतही क्रम लावला गेला, तर तो लावणारीचे मन त्यात आहे, हे नाकारणेही अन्यायाचेच.

तिसरा आक्षेप बीडसारख्या जिल्ह्यात हटकून येतो : दुष्काळ, स्थलांतर आणि उचलीच्या कर्जापुढे सौंदर्याची चर्चा ही चैन आहे. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली. ज्या देहावर स्वतःचा निर्णय चालत नाही, त्याच्या शोभेबद्दल काय बोलायचे, असे कुणी विचारले तर त्याचा रोख समजून घेतला पाहिजे. तरीही दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत. स्वतःच्या शरीराबद्दल, कपड्याबद्दल, वेळेबद्दल निर्णय घेण्याची मुभा जिथे नाही, तिथे रुचीलाही वाव नसतो. रुचीचा हक्क मागणे हे पाणी, मजुरी, आरोग्य यांच्या मागणीच्या आड येत नाही, उलट तिच्या शेजारीच बसते. चौथा आक्षेप असा की यात स्त्रियांचे म्हणून वेगळे काय? किशोरीताईंची भूमिका मान्य केली तर काहीच नाही, स्वराला लिंग नसते. मात्र ज्या परिस्थितीत निवडी कराव्या लागल्या ती परिस्थिती स्त्रियांची होती, आणि तिची छाप विचारावर पडणे स्वाभाविक आहे. वेगळेपण या परिस्थितीतून आले आहे, त्यासाठी स्त्रीस्वभावाचा सिद्धान्त मांडावा लागत नाही.

८. न सुटलेले प्रश्न

पहिला न सुटलेला प्रश्न नावाचा आहे. वारली घरांच्या भिंतीवरचा लग्नचौक सवाष्णी काढत आणि लग्न लावणाऱ्या स्त्रिया, म्हणजे धवलेरी, गात. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोचली. मशे यांची प्रतिभा निर्विवाद, पण भिंतीवरची परंपरा चालवणाऱ्या बायकांची नावे कुठे नोंदली गेली नाहीत. ओव्यांच्या संकलनाने गाणाऱ्यांची नावे आणि गावे टिपली, तो एक चांगला पायंडा आहे. गोधडी, रांगोळी, भरतकाम यांना तो अजून लागू झालेला नाही. दुसरा प्रश्न बाजाराचा. पैठणीला २०१० साली, वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन प्रदेशाच्या नावाचे रक्षण करते, पण मागावर बसणारीला किंवा चित्र काढणारीला नमुना बदलण्याचे स्वातंत्र्य किती उरते, हे त्यातून ठरत नाही. बचतगटाच्या स्टॉलवर शहरी गिऱ्हाइकाला आवडतील असे फिके रंग मागितले जातात. गडद रंग आवडणाऱ्या शिवणारीने तेव्हा काय करावे, यावर कारागीर आणि संघटक यांच्यात एकमत नाही. कधी काळी चोळीपुरते राहिलेले खणाचे कापड गेल्या काही वर्षांत शहरी साडीत आले, यात काहींना पुनरुज्जीवन दिसते, तर काहींना उसनवारी.

तिसरा प्रश्न शिक्षणाचा. रुची घडवता येते, हे माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’ आणि ‘चित्रवाचन’ यांसारख्या पुस्तकांतून दाखवले. मुलांना चित्र कसे पाहावे हे शिकवणारे असे काम ग्रामीण शाळांच्या वेळापत्रकात कुठे बसवायचे, हे अजून ठरायचे आहे. मोबाइलच्या पडद्यावर मेंदी, ब्लाउजचे गळे, आरास यांचे नमुने आता कड्याच्या मुलीला पुण्याच्या मुलीइतकेच झटपट मिळतात. त्याने निवड वाढली, की सगळीकडे एकच नमुना पसरला, यावर पुराव्यानिशी बोलणारा अभ्यास हवा. चौथा प्रश्न समीक्षेचा. मराठवाड्यात राहून लिहिणाऱ्या अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ या संग्रहाला २०१९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्यासारख्या कवयित्रींचा सौंदर्यविचार कवितेतून काढून सलगपणे मांडण्याचे काम मराठी समीक्षेपुढे पडलेले आहे.

आज या चर्चेची स्थिती अशी की भूमिका स्पष्ट आहेत, युक्तिवाद पुरेसे आहेत, नोंदी मात्र तोकड्या आहेत. सिद्धान्ताची पुढची पायरी गाठायची तर आधी हा कच्चा माल गोळा झाला पाहिजे. त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. कड्यात अमोलक जैन संस्थेचे महाविद्यालय आहे, तालुक्यात बचतगट आहेत, आणि वाकळ शिवणाऱ्या, महालक्ष्म्या सजवणाऱ्या, फेटिया भरणाऱ्या स्त्रिया आज हयात आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे घ्यावीत, त्यांच्या संमतीने नाव, गाव, वर्ष लिहून ठेवावे आणि प्रत्येकीला एक प्रश्न आवर्जून विचारावा : हाच रंग का घेतला? त्या उत्तरांचा संग्रह झाला, तर मराठी सौंदर्यशास्त्राचे पुढचे प्रकरण लिहिता येईल.